सुटली, पाच चाळीस

घाडीकाका कुणालाही निरोप देताना "सांभाळून जा" किंवा "या परत" असलं काही म्हणत नसत. चाळीच्या फाटकाशी उभं राहायचं, डाव्या हाताचं मनगट उलटं करून घड्याळ बघायचं आणि जाणाऱ्याच्या पाठीकडे बघत जाहीर करायचं, "सुटली. सात बावीस." कोण सुटली? गाडी. गावाला निघालेली म्हातारी असो, परीक्षेला निघालेला मुलगा असो की माहेरपण संपवून सासरी निघालेली लेक असो, काकांच्या लेखी माणसं निघत नसत, गाड्या सुटत. मग सदऱ्याच्या खिशातून छोटी डायरी यायची, कानामागून पेन्सिल यायची आणि वेळ लिहिली जायची.

काळाचौकीला आमच्या चाळीत त्यांची आणि आमची भिंत एक होती. माझे बाबा परळच्या गिरणीत विणखात्यात आणि काका वडाळ्याच्या बसडेपोत स्टार्टर. बसरूटच्या शेवटच्या टोकाला जी टपरीवजा केबिन असते ना, तिच्यात बसून कुठली बस किती वाजता सोडायची ते ठरवणारा आणि चहाचा शेवटचा घोट घेणाऱ्या ड्रायव्हरला हाताला धरून उठवणारा माणूस म्हणजे स्टार्टर. काकांनी ही नोकरी छत्तीस वर्षं केली आणि निवृत्त झाल्यावर ती घरी घेऊन आले. स्वतः त्यांना सायकलसुद्धा चालवता येत नव्हती. त्यावरून कुणी चिडवलं तर अजिबात खजील न होता म्हणत, "चालवणारो येगळो, सोडणारो येगळो. चालवणाऱ्याक फक्त म्होरचा रस्तो दिसता."

डायरीत प्रत्येक गाडीला दोन रकाने होते. सुटली आणि पोचली. दुसरा रकाना ते स्वतःच्या अंदाजाने कधीच भरत नसत. जाणाऱ्याला विचारायचं, त्याने वेळ सांगायची, मगच लिहायचं. "इचारल्याशिवाय गाडी पोचली असां धरूचां नाय," हा त्यांचा नियम. माझ्या लग्नात आई माझ्या गळ्यात पडून रडत होती तेव्हा काका आमच्या मागे येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "वैनी, आटपा. सात बावीस झाले." आई रडता रडता हसली आणि मी निघाले. कुठे, तर दादरला. वीस मिनिटांवर. सासरी माप ओलांडून पाटावर बसते न बसते तोच सासूबाईंनी फोन आणून दिला, "तुमचे कोणी घाडीकाका आहेत, पोचलीस का विचारतायत." नव्या घरात मी बोललेलं पहिलं वाक्य "सात चव्वेचाळीस" हे आहे.

काकी मी शाळेत असतानाच गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. देवगड तालुक्यात खाडीकाठी गाव, तिथे पुतण्या आणि घरचा गणपती. चाळीतून दर वर्षी गणपतीला गावाकडे जाणारी स्पेशल बस काकाच ठरवायचे. कोण कुठल्या सीटवर, कुणाला उलटी होते, कुणाचं पोर कुठे उतरायचा हट्ट धरतं, सगळं त्यांच्या डोक्यात. ती बस हरितालिकेच्या दोन दिवस आधी सुटायची आणि काका तिच्यात सगळ्यांत शेवटी चढायचे. जन्मापासून एकही चतुर्थी आपण गावाबाहेर काढली नाही, हे ते सांगत तेव्हा छाती जरा पुढे येई.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा बाबा हयात नव्हते. माझा धाकटा भाऊ नंदू कापडाच्या रंगाईतला माणूस. इथल्या गिरण्या संपल्या म्हणून तो बांगलादेशात, ढाक्याजवळ गाझीपूरला एका कारखान्यात डाइंग मास्टर झाला होता. आईला तो तिकडे घेऊन गेला आणि चार महिन्यांत आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी वर्षभर प्रवास बंद सांगितला.

आईचा गणपती पन्नास वर्षं एकाच पाटावर, परळच्या एकाच कारखान्यातून आणलेला. बाबा गेले त्या वर्षीही नंदूने येऊन पूजा केली, खंड पडला नव्हता. आता चाळ नाही, खोली नाही आणि आई खाटेवर. मी म्हटलं, माझ्या घरी बसवू. आई फोनवर म्हणाली, "तुझ्याकडे तुझ्या सासरचा बसतो. एका घरात दोन कशाला?" नंदू म्हणाला, ढाक्यात चांगले मूर्तिकार आहेत. आई म्हणाली, "ते दुर्गेच्या बाजूला उभा करतात तसा करून देतील. मला आपला बसलेला हवा." विमानाने न्यायचा तर मूर्ती सामानात द्यावी लागणार होती आणि ते तर आईला विचारायचीही माझी छाती नव्हती. शेवटी एक दिवस ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "जाऊ दे गं. पडू दे खंड." ज्या बाईने उभ्या जन्मात कशालाही 'जाऊ दे' म्हटलं नाही तिने ते म्हटलं होतं. नंदू सांगत होता, ती दोन घास खाऊन ताट सरकवते.

हे सगळं मी काकांना सांगितलं. चाळ पाडल्यावर पालिकेने दिलेली लांबची खोली नाकारून ते रस्त्यापलीकडच्याच एका चाळीत भाड्याने राहत होते. त्यांनी ऐकून घेतलं, चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मगे गाडीन ने."

"काका, बांगलादेश आहे तो. परदेश."

"रस्तो असा मां?"

"रस्ता आहे. पण मधे मोठी नदी आहे. पद्मा. गाडी बोटीत घालून पलीकडे न्यावी लागते."

"बोट असा मां? मगे झालां तर. तुका गाडी येता, इलासाक गाडी येता. माका प्लान करूक येता."

विलास, माझा नवरा, आधी हसला. मग मी नकाशा काढला तेव्हा हसायचा थांबला. मला गाडी चालवायची हौस आहे आणि मला कुणी 'जमणार नाही' म्हटलेलं चालत नाही, हे त्याला वीस वर्षांत कळलं होतं. त्या संध्याकाळीच आम्ही रजेचे अर्ज लिहिले.

पुढचे पाच महिने दर रविवारी सकाळी दहाला काका दादरला आमच्याकडे हजर. दहा म्हणजे दहा. बरोबर दुमडलेले चार्टपेपर, पट्टी आणि तांबड्या-निळ्या पेन्सिली. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "पोचाचां कधी?" मी म्हटलं, निघायचं कधी ते आधी ठरवू. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी उलटी साडी नेसून बसले होते. "गो, निघाचां कधी ह्या पोचाच्यावरसून ठरता." चतुर्थीपासून ते मागे मागे येत गेले. चतुर्थीला पूजा. द्वितीयेच्या संध्याकाळी गाझीपूर. प्रतिपदेला सीमा, कारण अमावास्येला देवाला घेऊन सीमा ओलांडायची नाही. अमावास्येला बनगाव, त्याआधी खरगपूर, संबळपूर, रायपूर, नागपूर, जळगाव. अशा रीतीने मागे येत ते दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काळाचौकीच्या फाटकाशी येऊन थांबले. आठ दिवस. ताशी पन्नासच्या वर नाही.

"आणि तृतीया?" विलासने विचारलं. "द्वितीयेला पोचलो तर तृतीया रिकामीच आहे की. त्यापेक्षा एक दिवस कलकत्ता बघू."

"ती स्पेअर."

"म्हणजे?"

"डेपोत एक गाडी स्पेअर ठेवतत. ती चालवूची नसता, ठेवूची असता. स्पेअर घेऊन कोण फिराक जाणा नाय." चार्टवर तृतीयेच्या चौकोनाभोवती त्यांनी तांबडी रेघ मारली. विलासने नंतर दोनदा हळूच विषय काढून बघितला, पण ती रेघ काही हलली नाही.

कागदपत्रांचं काम आम्ही केलं. गाडी परदेशात नेऊन परत आणायच्या हमीचं एक पुस्तक मिळतं, त्याला कार्नेट म्हणतात. काका त्याला गाडीचा पासपोर्ट म्हणत आणि आमच्या पासपोर्टपेक्षा त्याची जास्त काळजी घेत. मूर्तीसाठी त्यांनी एका पुठ्ठ्यावर मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहून घेतलं: मूर्ती, मातीची, एक. बंगाली ओळ नंदूच्या ऑफिसातल्या मुलीने फोनवरून चित्र पाठवून दिली, ती काकांनी तासभर बसून गिरवली. त्यातलं अक्षर कुठलं आणि वेलांटी कुठली हे कुणालाच सांगता येईना, पण सीमेवरच्या अधिकाऱ्याने पुढे ते वाचलं आणि मान डोलावली.

खरी परीक्षा मात्र माझी झाली. मूर्ती शाडूची, सोळा इंची. एका रविवारी काका पितळी कळशी घेऊन आले. आईचा पाट मागच्या सीटवर बसवला, त्याला पट्टा लावला, त्यावर काठोकाठ भरलेली कळशी ठेवली आणि म्हणाले, "चल. वरळीक जाऊन येवया." लालबागच्या पुलाखालच्या खड्ड्यांत निम्मी कळशी सीटवर. वरळीच्या समुद्राशी वळसा घेताना उरलेली निम्मी विलासच्या पायावर. काकांनी परत येऊन कळशीत वाकून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "गणपती भिजलो." मी चिडले. वीस वर्षं गाडी चालवतेय मी! पण पुढच्या रविवारी पुन्हा गेलो आणि त्याच्या पुढच्याही. ब्रेकवर पाय नुसता ठेवायचा नाही, ठेवून विचार करायचा, हे मला त्या कळशीने शिकवलं. पाचव्या रविवारी पेलाभरच पाणी सांडलं. "आता बसात," काका म्हणाले. परीक्षेत पास झाल्याचा तेवढा आनंद मला शाळेतसुद्धा झाला नव्हता.

मधे एकदा घड्याळावरून मोठा घोळ झाला. बांगलादेशचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे असतं हे मी सहज बोलले, तर काका पेन्सिल खाली ठेवून बसून राहिले. "म्हणजे शिव ओलांडली की अर्धो तास गेलो?"

"हो."

"गेलो खय पण? कोणाच्या ड्यूटीत धरूचो?"

मी म्हटलं, येताना परत मिळतो. त्यावर ते जरा शांत झाले, पण सगळे चार्ट त्यांनी पुन्हा काढले. सीमेनंतरच्या प्रत्येक वेळेपुढे दोन आकडे, एक निळा 'तिकडचे', एक तांबडा 'इकडचे'. मुंबईत बसून त्यांना गाडी कुठे आहे ते बघायचं होतं, तेव्हा त्यांच्यापुरतं ते बरोबरच होतं.

आणि मग आली बोट. या एका पानावर काकांनी तीन रविवार घातले होते आणि ते पान ते मला दाखवत नव्हते. शेवटी दाखवलं तेव्हा मी थक्क झाले. अमावास्येपासून चतुर्थीपर्यंत प्रत्येक दिवसाची भरती-ओहोटी, मिनिटांसकट. खाडीकाठच्या माणसांचा एक जुना आडाखा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. द्वितीयेची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला भरती. काकांच्या लहानपणी त्यांच्या खाडीतली 'तर', म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, याच हिशेबावर सुटायची. ओहोटीला चिखलात रुतलेल्या होडीत बसून त्यांनी एकदा शाळेची परीक्षा हुकवली होती, ते ते विसरले नव्हते. म्हणून आम्हाला त्यांनी द्वितीयेला बरोबर साडेबाराला दौलतदियाच्या घाटावर नेऊन उभं केलं होतं, चढत्या पाण्यावर बोट सुटावी म्हणून. खाली सहीसुद्धा केली होती.

मी तो कागद कौतुकाने नंदूला फोनवर वाचून दाखवला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "काका, ही खाडी नाही हो. नदी आहे. पावसाळ्यात हिचं पाणी फक्त एकाच बाजूला जातं. भरती नाही, ओहोटी नाही, आणि बोटीला टाइमटेबल पण नाही. भरली की सुटते. पाण्याला जोर असला की सुटतच नाही."

फोन स्पीकरवर होता. विलासने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. काकांचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा बघितला. छत्तीस वर्षांत चुकीच्या वेळी गाडी न सोडलेला माणूस, आणि त्याने समुद्राचा हिशेब नदीला लावला होता. मला वाटलं, आता हे खचणार. मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"बरां झालां, आता कळलां. थय जाऊन कळला असता तर?" कागदाचे त्यांनी चार तुकडे केले, नीट, घडीवर. मग फोनजवळ तोंड नेऊन विचारलं, "नंदू, थय गाड्ये लायनीक लावणारो कोण तरी असतलोच मां? बोटीर कोण आधी, कोण मागे?"

"असेल की."

"तेचो नंबर काढ. तो थयलो स्टार्टर."

नंदूच्या कारखान्याचा एक ड्रायव्हर त्याच भागातला निघाला आणि त्याचे काका, रफीकचाचा, घाटावर गाड्या रांगेत लावायचं काम करत असलेले निघाले. तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला काळाचौकीतून पद्मेच्या घाटावर फोन जाऊ लागला. एकाची मालवणी हिंदी, दुसऱ्याची बंगाली हिंदी. "चाचा, आज गाडी कितना खडा है?" "बहुत खडा है, दादा. पानी में बहुत जोर है. आज चार फेरी चलता है." काका आकडे लिहून घेत. महिनाभरात त्यांना पाणी कधी चढतं, कुठल्या वारी ट्रक जास्त येतात, लहान गाड्यांची रांग वेगळी कुठे लावतात, हे सगळं पाठ झालं. ज्या नदीचं त्यांनी पाणीसुद्धा बघितलं नव्हतं तिच्याबद्दल ते आम्हाला अधिकाराने सांगू लागले. मी विचारलं, "काका, तुम्हाला त्यांचं सगळं कळतं?" तर म्हणाले, "भाषा येगळी असा गो. लायन तीच."

दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चाळीच्या जागेवरच्या पत्र्याच्या कुंपणाशी आम्ही गाडी उभी केली. फाटक उरलं नव्हतं, पण काकांनी जिथे फाटक होतं तिथेच उभं राहायचं ठरवलं होतं. मूर्तीच्या तोंडावर रुमाल बांधलेला, भोवती उशा, पाटाला दोन पट्टे. काकांनी आत वाकून सगळं चाचपलं. मूर्तीला नमस्कार केला. मला वाटलं, आज तरी काहीतरी बोलतील, कारण माझे डोळे भरून आले होते. त्यांनी मनगट उलटं केलं. "सुटली. पाच चाळीस."

प्रवासाचं वर्णन मी इथे करणार नाही, ते काकांच्या चार्टवर आधीच लिहिलेलं होतं आणि आम्ही बहुतेक तेच गिरवलं. रोज मुक्कामाला पोचल्यावर फोन, वेळ, आणि पलीकडून "लिवलां." प्रतिपदेला सीमेवरून मी फोन केला तेव्हा म्हटलं, "काका, आज तुमची गावाची बस ना?" ते म्हणाले, "होय, सोडतंय आता." मी मनातल्या मनात त्यांना शेवटच्या पायरीवरून बसमध्ये चढताना बघितलं आणि बनगावच्या रांगेत गाडी पुढे घेतली.

द्वितीयेला साडेबाराला, अगदी काकांच्या पहिल्या चार्टप्रमाणे, आम्ही दौलतदियाला पोचलो. समोर पद्मा. मी नदी म्हणून जे काही आजवर बघितलं होतं त्यातलं काही तिच्याशी जुळेना, पलीकडचा काठच दिसत नव्हता. मातकट पाणी भरधाव चाललं होतं आणि बोटी काठाला बांधून ठेवलेल्या. सकाळपासून बंद. रफीकचाचा भेटले, पांढरी दाढी, हातात शिट्टी. त्यांनी आधी मागच्या सीटवर बघितलं, मग आमच्याकडे. "दादा का गाडी?" विचारलं आणि आम्हाला लहान गाड्यांच्या रांगेत पुढून सातवं उभं केलं. पण सातवं काय नि सत्तरावं काय, बोटच नव्हती. संध्याकाळी त्यांनीच जवळच्या गावात उतरायची सोय करून दिली. मी काकांना फोन केला. माझा आवाज रडवेला झाला होता. तिकडे आई वाट बघत बसली होती आणि परवा चतुर्थी.

"रडतंस कित्या?" काका म्हणाले. "स्पेअर असा मां आपली."

तृतीयेला दुपारी पाण्याचा जोर थोडा उतरला. दुसऱ्या फेरीत आमची गाडी चढली. रफीकचाचांनी लोखंडी फळीवर गाडी घेताना मला हाताने खुणा केल्या, सावकाश, सावकाश, आणि मी वरळीच्या वळशावर शिकलेलं सगळं त्या पंधरा फुटांत वापरलं. बोट पाण्याशी तिरकी झगडत तासाभराने पाटुरियाला लागली आणि त्या संध्याकाळी आम्ही गाझीपूरला नंदूच्या दारात होतो. आई वॉकर धरून उंबऱ्यात उभी होती. तिने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, मूर्तीवरचा रुमाल स्वतःच्या हाताने सोडला आणि कान, सोंड, बोटं एकेक बघून घेतली. "नखालासुद्धा धक्का नाही," ती म्हणाली आणि त्या रात्री तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या. पोचल्याचा फोन आल्या आल्या विलासने केला होता.

चतुर्थीला पूजा झाली, आरती झाली, तेव्हा बारा वाजत आले होते. आई म्हणाली, आधी भाऊजींना फोन लाव. काकांच्या घरची पूजाही आटपली असेल असा विचार करून मी लावला. काकांनी उचलला आणि मागून लाउडस्पीकर ऐकू आला. आमच्या काळाचौकीच्या मंडळाचा. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. कुणीतरी हरवलेल्या लहान मुलाचं नाव पुकारत होतं.

"काका, तुम्ही कुठे आहात?"

"खय म्हणजे? घराक."

"गावाला नाही गेलात?"

"गावाक रेंज नाय गो. तुमची गाडी वाटेर. थय बसान माका काय समाजतला?" "काका, एकही चतुर्थी तुम्ही..." मी सुरू केलं. त्यांना ते आवडलं नसावं, घाईघाईने म्हणाले, "पूजा पुतण्यान केली असतली. गणपती काय, दोन दिवस थांबात माझ्यासाठी. तू पोचल्याची वेळ सांग. इलासान सांगल्यान ती साडेसहा, ती इकडची की तिकडची?"

"तिकडची. म्हणजे आमची. तुमचे सहा."

"मगे तसां सांगाक होयां." पेन्सिलीचा आवाज मला फोनवरही ऐकू आल्यासारखा वाटला. "आता माझी गाडी सोडतंय. दुपारची एसटी असा." आणि फोन ठेवला. मी आईला सांगितलं तेव्हा तिने मोदकाचं पहिलं ताट बाजूला काढून ठेवलं, भाऊजींचं म्हणून. मग आम्ही जेवलो. गप्पांना ऊत आला, नंदूचे शेजारी आले, पाचव्या दिवशी तुराग नदीवर विसर्जन झालं. परतीचा प्रवास तर नुसता हुंदडत केला, कलकत्ताही बघितलं.

कोरोनानंतरच्या वर्षी काका गेले. गावालाच, दुपारी पडवीत आडवे झाले ते उठले नाहीत. मुंबईची खोली रिकामी करायला पुतण्या आला होता, तो एका पिशवीत डायऱ्या घेऊन माझ्याकडे आला. "तुमची नावां हत खूप," म्हणाला. मी आमचं पान शोधून काढलं. 'शुभा, विलास, गणपती. सुटली ५.४०.' पुढे आठ दिवसांच्या आठ ओळी, तृतीयेची नववी तांबडी. 'पोचली ६.३० तिकडचे, ६.०० इकडचे.'

त्याच्या खालीच आणखी एक ओळ होती. 'मी. सुटलो १.१५.' पोचल्याचा रकाना कोरा.

मला वाटलं, लिहायचं राहिलं असेल. मी मागची पानं चाळली, मागच्या डायऱ्या काढल्या. माझं सासर होतं, सात चव्वेचाळीस. नंदूचं पहिलं विमान होतं. बाबांची इस्पितळातली फेरी होती. सगळ्यांच्या पुढे दोन्ही वेळा. आणि दर वर्षी गणपतीला, होळीला, काकांच्या स्वतःच्या ओळी होत्या, एकीपुढेही पोचल्याची वेळ नव्हती. विचारल्याशिवाय ते धरत नसत, हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता, आणि इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणीही त्यांना विचारलं नव्हतं. त्या चतुर्थीलाही नाही. आम्ही मोदक खात होतो.

मी पेन्सिल घेऊन बसले. पण मला ती वेळ माहीत नव्हती.